किमचीच्या फ्रीजला वळसा

किमचीचा फ्रीज. वजन एकशे दहा किलो. स्वयंपाकघरात मावला नाही म्हणून बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या उजव्या हाताला.

*

कोरियातल्या होंगसोंग गावचा माणूस तोंडावर 'चुकलं' म्हणत नाही. 'बरं आहे की' म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. खिडकी नसेल तर भिंतीकडे बघतो.

*

छताला सुतळीने आंबायला टांगलेल्या, शिजवलेल्या सोयाबीनच्या पाच विटा. डिसेंबर ते फेब्रुवारी. वास असा, की शेजारचे लोक जिन्यात श्वास रोखून धरतात आणि वर पोचल्यावर सोडतात.

*

पूमसे म्हणजे एकट्याने करायची मारामारी. समोर कोणी नसतं. आहे असं समजून हाणायचं, अडवायचं, वळायचं, आणि जिथून निघालो बरोब्बर तिथेच परत येऊन उभं राहायचं. पांढऱ्या पट्ट्याला पहिलं पूमसे, पुढच्या पट्ट्याला पुढचं. अशी आठ. मग काळ्या पट्ट्याची परीक्षा.

*

दानबी. वय दहा. पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा, म्हणजे लहान मुलांचा काळा पट्टा. समोरचा एक दात नाही.

*

"एका वर्षात काळा पट्टा! नाही मिळाला तर आडनाव बदलेन!"

हे वाक्य ना दोक-सुचं. वय चौसष्ट. शाळासोबत्यांच्या जेवणात, तांदळाच्या दारूची तिसरी बाटली संपताना, टेबलावर मूठ आपटून. मूठ मुळ्याच्या वाटीवर आपटली, पण निश्चय निश्चयच!

आता हे सगळं एकमेकांत कसं गुंतलं ते ऐका.

दोक-सुने चौतीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरी बसला. तिसऱ्या महिन्यात त्याची बायको गुम-रे म्हणाली, "तुम्ही काहीतरी चालवा. नाहीतर मी तुम्हाला चालवेन." मग त्याने योम बाईंच्या तायक्वांदो दोजांगची, म्हणजे तालीमघराची, पिवळी व्हॅन धरली. शाळेतून मुलं उचलायची, दोजांगला सोडायची, तास संपला की घरी पोचवायची. अशी पाच वर्षं. व्हॅनच्या आरशात बघता बघता शेंबडी पोरं काळ्या पट्ट्याची झाली आणि दोक-सुला वाटायला लागलं, ही होतात तर मी का नाही?

योम बाई पस्तिशीच्या. एका लाथेत पाच फळ्या मोडायच्या. पण वडीलधाऱ्या माणसाशी बोलायला लागल्या की आवाज कापसासारखा.

"बाई, मी पण शिकू का?"

बाईंनी आधी त्याच्या पोटाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

"बरं आहे की, काका."

झालं! दोक-सु पांढरा पट्टा बांधून रांगेत उभा राहिला. दोजांगात रांग वयाने नसते, पट्ट्याने असते. त्यामुळे त्याचा नंबर शेवटचा. त्याच्या पुढे सहा वर्षांची एक पिवळ्या पट्ट्याची मुलगी. तिने मागे वळून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, नाक पुसायचं असेल तर आधी विचारायचं."

पण शिकायचं कधी? एक फेरी संपून दुसरी सुरू व्हायच्या आत त्याला पंधरा मिनिटं मिळायची. त्यात पट्टा बांधण्यातच सहा जायची. तेव्हा दानबी पुढे आली. ती व्हॅनमध्ये बरोबर त्याच्या मागच्या सीटवर बसायची. बाजारातल्या चौकात सिग्नल लाल झाला की तिची शिकवणी सुरू.

"डावा हात खाली! उजवा कमरेला! आता डावीकडे वळा! व्हॅन नाही आजोबा, तुम्ही!"

मागून हॉर्न वाजायचे. दोक-सु खिडकीतून गुद्दा मारायचा, तो पूमसेतला असायचा, पण शेजारच्या ट्रकवाल्याला ते कसं कळणार! एकदा एक जण उतरून भांडायलाच आला. दानबीने काच खाली करून सांगितलं, "काका, ते तुमच्याशी नाही भांडत. ते दुसऱ्या पूमसेशी भांडतायत."

अशा रीतीने दोक-सुचे हात व्हॅनमध्ये तयार झाले. हात एकदम चोख!

पाय मात्र घरी तयार झाले. आणि इथेच सगळी गोम आहे.

पांढरा पट्टा, पहिलं पूमसे, मार्च. तीन पावलं पुढे जायचं. तिसऱ्या पावलाला फ्रीज. दोक-सुने पहिल्या दिवशी फ्रीजला गुडघा मारला. फ्रीज शांत राहिला, दोक-सु राहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या पावलाला डावीकडे सरकायचा, फ्रीजला वळसा घालायचा आणि पुढचा गुद्दा हाणायचा. रोज दीड तास. महिनाभराने तो वळसा असा काही मुरला, की ते सरकणं आहे हेच तो विसरला. पावसाळाभर पिवळा पट्टा होता. तेव्हा कपडे घरात वाळत घातलेले असत, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या पूमसेत अंग चोरण्याची एक वेगळीच लकब आली.

सप्टेंबरात हिरवा. गुम-रेने चटईवर लाल मिरच्या पसरल्या.

"माझ्या मिरचीवर पाय पडला तर याद राखा!"

"अगं पण चौथं पूमसे आहे!"

"चौथं असो नाहीतर चाळिसावं! टाचा वर करून जा!"

तो टाचा वर करून गेला. नोव्हेंबरात निळा. वर्षाची किमची घालायची म्हणून मिठात घातलेल्या कोबीच्या सहा पराती खोलीभर. पाचवं पूमसे त्याने बगळ्यासारखं पाय उचलत पाठ केलं. डिसेंबरात लाल पट्टा आणि डोक्यावर सोयाबीनच्या विटा. सहाव्या पूमसेत मधोमध एक झकास लाथ आहे. ती मारून वळलं की कपाळावर वीट! तीन वेळा कपाळ सडकून घेतल्यावर दोक-सु वळताना वाकायला लागला. वाकायचा, दोन पावलं वाकूनच जायचा, मग ताठ व्हायचा. त्याच्या मते त्यामुळे पूमसेला एक डौल आला. सातवं आणि आठवंही त्याच विटांखाली झालं.

योम बाईंना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं! पहिल्यांदा त्यांनी त्याला फ्रीज नसलेल्या दोजांगात फ्रीजला वळसा घालताना बघितलं, तेव्हा त्यांचं तोंड उघडलं. पण काका त्यांच्या वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठे. तोंड मिटलं.

"कसं वाटलं, बाई?"

"बरं आहे की, काका. तुमचं... तुमचं असं आहे ते."

आणि त्या भिंतीकडे बघायला लागल्या. दोक-सुने घरी जाऊन गुम-रेला सांगितलं, "बाई म्हणाल्या, माझी स्वतःची शैली आहे!"

इथपर्यंत नुकसान फक्त दोक-सुचं होतं. पण फेब्रुवारीत बाईंचा मदतनीस मास्तर सैन्यात भरती झाला. बाई स्वतः गरोदर. बाळाला अजून महिना होता, आणि परीक्षेला तीन आठवडे. त्या परीक्षेला दोजांगची बारा मुलं बसणार होती आणि तेरावा दोक-सु. आणि अशातच डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, आजपासून अंथरुणातून उठायचं नाही.

बाईंनी फोन केला. "काका, बाकी सगळं चालेल, पण या मुलांचं वर्ष वाया जायला नको. या बारा जणांसाठी मी वर्षभर झटलेय. तुम्ही मुलांकडे जरा लक्ष द्या. सराव काय, दानबी घेईल."

फोन ठेवताना दोक-सुचे डोळे भरून आले. सहा वर्षांत पहिल्यांदा बाईंनी काहीतरी मागितलं होतं. जीव गेला तरी ही बारा मुलं पास करायची! त्याने मनाशी ठरवलं, नुसतं लक्ष काय द्यायचं? स्वतः पुढे उभं राहून करून दाखवायचं!

"आजोबा," दानबी पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुम्ही इथे वाकता का?"

तिने त्याचे पाय तोवर नीट बघितलेच नव्हते. व्हॅनमध्ये पाय दिसतात कुठे!

"वाकायचंच असतं."

"नसतं."

"अगं, बाईंनी वर्षभर बघितलं. एकदा तरी चूक म्हणाल्या का?"

"त्या कशा म्हणतील? तुम्ही म्हातारे आहात!"

"म्हणजे अनुभवी. चला रे, माझ्या मागून!"

दानबीने मुलांकडे बघितलं. मुलांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आजोबांकडे. पट्टा दानबीचा मोठा होता. पण आजोबा आजोबा होते, शिवाय व्हॅनची किल्ली त्यांच्या खिशात होती. बारा मुलं आजोबांच्या मागे उभी राहिली. दानबीने ओठ मिटले, दाताच्या फटीतून फुस्स केलं आणि भिंतीला टेकून बसली. रोज बसली. रोज एकदा म्हणाली, "नसतं." बाईंना फोन करून सांगावं असं तिला फार वाटायचं, पण बाईंना त्रास द्यायचा नाही असं घरून सांगितलेलं.

तीन आठवडे दोक-सुने जीव तोडून शिकवलं. मुलांनीही जीव तोडून शिकून घेतलं. लहान मुलांचं शरीर म्हणजे ओली माती. जे उमटवाल ते उमटतं!

परीक्षेच्या शनिवारी जिल्ह्याच्या क्रीडागृहात पाचशे मुलं, हजार पालक आणि किंबाप नावाच्या भाताच्या गुंडाळ्या खाल्ल्याचा तिळाच्या तेलाचा वास. खाली तीन परीक्षक: मधले ग्वाक साहेब त्र्याहत्तर वर्षांचे, बाजूचे दोघे साठीच्या आतले. मोठ्यांची परीक्षा सगळ्यात शेवटी, म्हणून दोक-सु वर गॅलरीत गुम-रे आणि दानबीच्या मधे बसला होता. सोडतीत सहावं पूमसे निघालं.

"सहावं!" दोक-सुने मांडीवर थाप मारली. "आपलं सगळ्यात पक्कं!"

बारा मुलं तीन रांगांत उभी राहिली. बारा नमस्कार. बारा आरोळ्या. मुलं डावीकडे वळली, अडवलं, लाथ मारली. इतकी एकसारखी की शेजारच्या पालकांनी माना उंचावल्या. दोक-सुची छाती दोन इंच फुगली.

मग बारा मुलं एकाच वेळी डावीकडे सरकली. काहीतरी मोठं, चौकोनी, तिथे नसलेलं, त्याला वळसा घालून पुढे गेली. मग एक सुंदर लाथ. मग वळून सगळ्या बारा जणांनी माना खाली घातल्या आणि वाकून दोन पावलं चालली.

वरून बघताना पूमसेचा नकाशा दिसतो. आणि त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, दोक-सुला तो दिसला.

त्याच्याआधी गुम-रेला दिसला.

"अगं बाई!" ती उभीच राहिली. "ही तर आपली बैठकीची खोली!"

"खाली बस!"

"तो बघा फ्रीज! ती बघा टीव्हीची फळी! आणि विटांखालून वाकतायत, विटांखालून! तरी मी म्हणत होते, हे कपाळाला काय लागतं तुमच्या रोज!"

दानबीने दाताच्या फटीतून फुस्स केलं. तिला बोलायची गरजच नव्हती.

मुलांनी शेवटचा गुद्दा मारला. निघाली त्या जागेपासून सगळी बरोबर दोन पावलं डावीकडे उभी. बाराच्या बारा. एका रेषेत चुकलेली!

खाली डावीकडच्या परीक्षकाने पेन उचललं, ठेवलं आणि ग्वाक साहेबांकडे बघितलं. उजवीकडच्यानेही बघितलं. मोठ्यांच्या आधी कसं बोलायचं? आणि ग्वाक साहेबांच्या कपाळावर घाम. पन्नास वर्षं पूमसे शिकवलेला माणूस, त्याला ही पावलं आठवतच नव्हती! बारा मुलं एकसारखी चुकत नसतात. मग चुकतंय कोण? साहेबांनी घसा खाकरला.

"जुनी पद्धत दिसते," ते हळूच म्हणाले.

"हो हो," डावीकडचा लगेच म्हणाला, "जुनी. मलाही तेच वाटलं."

"आमचे थोरले गुरुजी असंच काहीतरी करायचे," उजवीकडचा म्हणाला. त्याचे थोरले गुरुजी गुडघेदुखीने वाकायचे, ही गोष्ट वेगळी.

तिघांच्या माना डोलायला लागल्या. त्यांचे माईक चालू होते, आवाज गॅलरीपर्यंत पोचत होता. दोक-सुच्या लक्षात आलं, गप्प बसलं तर मुलं पास होतायत! नुसतं खिडकीबाहेर बघायचं. होंगसोंगचा माणूस, त्याला काय अवघड? पण ही मुलं उद्या राजधानीत कुठल्या स्पर्धेला गेली तर? तिथे भर मैदानात त्याच्या फ्रीजला वळसा घालतील! आणि तिथली माणसं भिंतीकडे बघत नाहीत, तोंडावर हसतात. योम बाईंच्या दोजांगाला हसतील.

"आजोबा," दानबी म्हणाली, "जाताय का मी जाऊ?"

दोक-सु पायऱ्या उतरून धावला. पांढरा पोशाख, लाल पट्टा सुटलेला, एक टोक मागे झाडूसारखं. परीक्षकांच्या टेबलासमोर जाऊन त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, इतका खोल की पट्टा गळून पडला.

"साहेब! ती जुनी पद्धत नाही!"

"मग कसली?"

"ते आमचं फर्निचर आहे!"

तिघांना काही कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. फ्रीज, मिरच्या, पराती, विटा. हातवारे करून सांगितलं. विटांची जागा दाखवताना सवयीने वाकला. "पोरांची चूक नाही, साहेब. पोरं चोख आहेत. मी शिकवलं तेच चोख केलं. शिक्षा मला करा, पण त्यांना एक संधी द्या. त्यांच्या बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात आहेत."

ग्वाक साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि टेबलावरून पुढे वाकून दोक-सुचे दोन्ही हात हातात घेतले.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही, साहेब."

"देव तुमचं भलं करो! गेली दहा मिनिटं मी घरी जाऊन मुलाला काय सांगायचं याचा विचार करत होतो. तो मला आधीच डॉक्टरकडे ने-ने म्हणतोय." मग ते ताठ बसले. "अर्धा तास देतो. फर्निचर काढा."

अर्ध्या तासात! बाहेरच्या लांब व्हरांड्यात बारा मुलं रडवेली उभी. पायांत फ्रीज भिनलेला. एक मुलगी तर म्हणाली, "आजोबा, तिथे जाऊच देत नाही काहीतरी!"

दानबीने बाह्या सरसावल्या.

"आजोबा, इकडे या. इथे उभे राहा. तुम्ही फ्रीज."

"मी?"

"हो. हलायचं नाही. मुलांनो, फ्रीज आला तर वळायचं नाही. सरळ जायचं आणि हाणायचं!"

पुढची पंचवीस मिनिटं दोक-सु फ्रीज होता. बारा मुलं एकामागून एक त्याच्या अंगावर सरळ चालून आली आणि बारा गुद्दे बरोबर पट्ट्याच्या गाठीवर बसले. मग परत बारा. मग परत. गुम-रे बाकावर बसून संत्रं सोलत होती.

"जोरात रे बाळांनो! तो फ्रीज एकशे दहा किलोचा आहे!"

"अगं, मी ब्याऐंशी किलोचा आहे!"

"फ्रीज बोलत नसतो," दानबी म्हणाली.

विटांसाठी तिने गुम-रेलाच बाकावर उभं करून हात लांब करायला लावले आणि मुलांना सांगितलं, डोकं आपटलं तरी चालेल, वाकायचं नाही. पाच-सहा टकरी झाल्या. सहाव्या टकरीनंतर कोणी वाकेना.

दुसऱ्यांदा मुलं उतरली. सरळ गेली, ताठ वळली, आणि निघाली तिथेच येऊन उभी राहिली. बारा पास! ग्वाक साहेबांनी स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत, सूक्ष्म कान असलेल्यांना, सुटकेचा आवाज आला.

शेवटी दोक-सु. हात असे की परीक्षक एकमेकांकडे बघून कौतुकाने हसले. पण फ्रीजच्या जागी येताच त्याचे पाय थांबले. डोळे मिटून तो सरळ गेला! गॅलरीतून आरोळी उठली. पार! मग लाथ मारली, वळला आणि वाकला. दोन पावलं वाकून चालला. चालताना त्याला कळत होतं की आपण वाकलोय. पण आता मधेच ताठ झालो तर कपाळ आपटेल, असं शरीर म्हणत होतं.

"पुढच्या खेपेला या," ग्वाक साहेब म्हणाले. आणि होंगसोंगच्या माणसाला जमेल तितकं स्पष्ट बोलले, "डिसेंबरात नका येऊ."

बाहेर फोन वाजला. योम बाई. मागे बाळ रडत होतं.

"बाई, बाराही पास! मी नापास, आता आडनाव बदलावं लागणार. आणि बाई, माझं ते वळसा घालणं, वाकणं... तुम्हाला माहीत होतं?"

बाईंनी आधी बाळाला 'शू शू' केलं.

"पहिल्या महिन्यापासून, काका."

"मग म्हणाला का नाहीत?"

"तुम्ही पावसात छत्री धरून माझ्या एकेका मुलाला दारापर्यंत सोडायचात. तुम्हाला मी काय म्हणू? आता म्हणते. काका, चुकतंय."

"धन्यवाद, बाई," दोक-सु म्हणाला. इतकं मनापासून तो कधीच काही म्हणाला नव्हता.

मग त्याने फोन खिशात टाकला, पट्टा नीट बांधला, दानबीसमोर टाचा जुळवल्या आणि चौसष्ट वर्षांच्या माणसाने दहा वर्षांच्या पोरीला कमरेत वाकून नमस्कार केला. येणारे-जाणारे पालक थबकले. एका आजीबाईंचा हात तोंडावर गेला. दानबीने गोंधळून इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्याहून खाली वाकायला गेली. तिने खाली बघितलं म्हणून तो आणखी वाकला. तो वाकला म्हणून ती. शेवटी दोघांची डोकी आपटली.

"आजोबा," ती कपाळ चोळत म्हणाली, "वाकायचं कुठे आणि कुठे नाही, ते सोमवारपासून पहिल्यापासून घेऊ."

दानबी त्या व्हॅनमध्ये पहिल्यांदा चढली तेव्हा पाच वर्षांची होती, आणि मागच्या सीटवरून धरलेली दोक-सुच्या शर्टाची बाही तिने दोजांगच्या दारापर्यंत सोडली नव्हती.